पार्टटाइम नोकरी आणि जोडकमाई : आयकर रिटर्नला बसण्याआधीची तयारी

पॅन-आधार जोडणी, पोर्टलचा पासवर्ड, रिफंडसाठी व्हॅलिडेट केलेलं बँक खातं. हे झालेलं असेलच. इथले आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे, १९६१ च्या कायद्याखालचे आहेत. १ एप्रिल २०२६ पासूनच्या कमाईला २०२५ चा कायदा लागू आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक बदललेत.

आता २६एएस, म्हणजे तुमच्या नावावर कापलेल्या टॅक्सचा (टीडीएसचा) सरकारी तक्ता, उघडा. फॉर्म १६ (पगारातून कापलेल्या टॅक्सचा दाखला) आहे, बँकेचं स्टेटमेंट आहे, मग हे कशाला, असं म्हणू नका. पैसे देणाऱ्याच्या नावाची ओळ उलगडल्यावर आत कलमाचा रकाना दिसतो, सगळं अडतं ते तिथेच. १९२ असेल तर पगार. १९४जे असेल तर देणाऱ्याने तुम्हाला व्यावसायिक धरलंय. मग हजेरी लागत असो, ओळखपत्र असो की दर महिन्याला ठरल्या तारखेला पैसे येत असोत. पार्टटाइमवाल्यांचं असं सर्रास होतं. अशा पैशाला पगारदाराची ७५,००० ची प्रमाणित वजावट मिळत नाही, आणि आयटीआर-१ (पगारदारांचा साधा रिटर्न फॉर्म) चालत नाही. १९४जे ची रक्कम आपल्या मनाने पगारात टाकू नका. खरंच पगार असेल तर कंपनीला टीडीएस रिटर्न (कापलेल्या टॅक्सचा तिने सरकारला दिलेला हिशेब) दुरुस्त करायला सांगा, तेही फॉर्म भरण्याआधी.

त्याच ओळीत एकूण रकमेचाही रकाना असतो. बिल ६०,००० चं, १० टक्के कापून खात्यात आले ५४,०००. उत्पन्न म्हणून दाखवायचे ६०,०००. लोक ५४,००० लिहितात आणि वर ६,००० चं क्रेडिटही मागतात; दोन्हींचा मेळ बसत नाही आणि रिफंड रखडतो. म्हणून पुन्हा सांगतो, बँक पासबुकावरून नाही, २६एएस वरून. एप्रिल-मे मध्ये घाई नको: शेवटच्या तिमाहीचं टीडीएस रिटर्न भरायला देणाऱ्याला ३१ मे पर्यंत मुदत असते, त्यामुळे जूनच्या मध्यापर्यंत चित्र अपुरंच राहतं.

मग एआयएस, म्हणजे पोर्टलवरचं तुमच्या वर्षभराच्या व्यवहारांचं स्टेटमेंट. बचत खात्याचं आणि एफडीचं व्याज, लाभांश, शेअर विक्री तिथे सापडते. चुकीची नोंद असेल तर तिथल्या तिथे फीडबॅक द्या. उलट, यूपीआयने किंवा रोखीने आलेले शिकवणीचे पैसे तिथे बहुधा नसतात. नसले तरी ते उत्पन्नच.

‘बारा लाखांपर्यंत काही नाही’ हे अर्धवट ऐकलेलं वाक्य. १२ लाखांपर्यंत रिबेटमुळे (टॅक्समधल्या सवलतीमुळे) टॅक्स शून्य होतो, तोही नव्या प्रणालीत आणि नेहमीच्या स्लॅबमधल्या उत्पन्नावर. रिटर्न मात्र ४ लाखांपुढे भरायचंच. आणि टीडीएस कापला गेला असेल तर रिटर्नशिवाय तो परत येणार नाही.

दोन्हीकडे पगारच असेल तर वेगळाच घोळ. एकीकडे ८ लाख, दुसरीकडे ६ लाख: दोघेही स्वतःपुरती वजावट आणि रिबेट धरतात, दोघेही शून्य कापतात. एकत्र १४ लाख, त्यातून ७५,००० एकदाच वजा, उरले १३.२५ लाख. उपकरासह टॅक्स ८१,९००, वर व्याज. यावर उपाय म्हणजे एका मालकाला फॉर्म १२बी (दुसरीकडच्या पगाराचा तपशील) वर्ष सुरू असतानाच देणं.

खर्च दाखवायचे तर बिलं आत्ताच गोळा करा. कॉम्प्युटरवर घसारा ४० टक्के, पण घेतला त्या वर्षी १८० दिवसांपेक्षा कमी वापरला तर निम्मा. बिलांची कटकट नको असेल तर ४४एडीए (अंदाजित नफ्याचं कलम) मध्ये निम्मी रक्कम नफा धरता येते. पण ती सोय ठरावीक व्यवसायांनाच, जसे वकील, डॉक्टर, इंजिनिअर, आर्किटेक्ट, लेखापाल, तांत्रिक सल्लागार, आयटीवाले. यादीत नसताना वापरू नका. कमिशनवाल्यांना ४४एडी (धंद्यांसाठीची तशीच सोय) सुद्धा नाही.

टीडीएस वजा जाऊन टॅक्स १०,००० किंवा जास्त येत असेल तर अ‍ॅडव्हान्स टॅक्स: १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च. ४४एडी किंवा ४४एडीए घेणाऱ्यांनी सगळा १५ मार्चपर्यंत. ३१ मार्चपर्यंत ९० टक्के भरला नसेल तर एप्रिलपासून महिन्याला १ टक्का व्याज.

जुनी प्रणाली हवी आणि व्यवसायाचं उत्पन्न आहे? मग मुदतीआधी फॉर्म १०-आयईए. पगारदारासारखं दरवर्षी इकडून तिकडे उडी मारता येत नाही.

फॉर्म: अंदाजित नफा असेल तर आयटीआर-४, प्रत्यक्ष खर्च किंवा कमिशन असेल तर आयटीआर-३. निवडण्याआधी तो कलमाचा रकाना पुन्हा बघा. हो, पुन्हा. चुकीच्या फॉर्मला सदोष रिटर्नची नोटीस येते आणि उत्तराला १५ दिवस मिळतात.

मुदत पोर्टलवर बघा, वाढेल या भरवशावर राहू नका. उशिराला ५,००० दंड, ५ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर १,०००. भरलं की ३० दिवसांत ई-व्हेरिफाय. चलन आणि फॉर्म १६ए (पगाराबाहेरच्या टीडीएसचा दाखला) ची पीडीएफ रिटर्नच्याच फोल्डरमध्ये.