येऊरला जाताना

येऊरचं डोंगराळ जंगल म्हणजे साष्टी बेटाचा (ज्यावर मुंबईची उपनगरं आणि ठाणे वसलं आहे) निवांत, हिरवा अंतर्भाग, ठाणेकरांच्या उंबऱ्यावरच आहे. ठाणे स्टेशनहून टीएमटीची (ठाणे महापालिकेची) येऊर बस धरा किंवा उपवन तलावापासून चढ चालत जा. शनिवार-रविवार टाळाच, गाड्यांच्या गर्दीत शांतता उरत नाही. माणशी 2 लिटर पाणी, पूर्ण बाह्यांचे कपडे घ्या. फुलपाखरं बघायची तर पाऊस ओसरल्यावर, सकाळी नऊनंतर या. उन्हात पंख तापल्याशिवाय ती उडत नाहीत. पाड्यांतल्या भातखाचरांच्या बांधावरून चालू नका: ओला बांध खचला की खाचरातलं पाणी वाहून जातं. पावसाळ्यात ओढ्यात उतरू नका; डोंगरावर पडलेल्या पावसाचं पाणी खाली अचानक चढतं. मुलांना एकटं पुढे सोडू नका आणि अंधाराआधी परता, बिबट्या संध्याकाळपासूनच फिरू लागतो.