राजवाड्यात ऑडिओ गाइड घेतलाय? पहिला फोटो नंबरच्या पाटीचा

राजवाडा बघून घरी आलं की मोबाइलमध्ये दोनशे फोटो असतात आणि कुठलं दालन कुठलं, ते काही केल्या आठवत नाही. सगळी झुंबरं सारखीच दिसायला लागतात!

मी आता एवढंच करते: दालनात शिरलं की आधी ऑडिओ गाइडच्या नंबरची छोटी पाटी शोधायची (दाराशेजारी नाहीतर दोरखंडाच्या खांबावर असते) आणि तिचा फोटो काढायचा. मग बाकीचे. फोटो वेळेच्या क्रमाने लागतात, त्यामुळे १४ आणि १५ या पाट्यांच्या मधले सगळे फोटो १४ नंबरच्या दालनातले. निवेदनातलं एखादं नाव लक्षात ठेवायचं असेल, तर तिथेच मोबाइलच्या नोंदवहीत ‘१४ – आरसा, कोणी दिला’ इतकंच लिहायचं.

ऐकताना दारात थांबू नका, मागून येणारा घोळका ढकलत नेतो. दोन पावलं आत, भिंतीकडेला उभं राहून बटण दाबा. ‘तुमच्या डावीकडे’ म्हणजे बहुधा दारातून आत येणाऱ्याच्या डावीकडे. तोंड फिरवलं असेल तर उलटंच चित्र बघत बसाल.

गाइड मोबाइल ॲपवर असेल तर तो आदल्या दिवशीच डाउनलोड करून ठेवा. जाड भिंतींच्या आत रेंज मिळेलच असं नाही.

काही दालनांत फोटोला बंदी असते. तिथे पाटीचाही काढू नका, नंबर टिपून घ्या.