विहिरीचं घर आणि नळाची बारीक धार

महाराष्ट्रातून गोव्यात येऊन विहीर असलेलं घर घेतलं की शॉवरला जोर नसल्याची तक्रार ठरलेली. आणि लगेच पुढचा प्रश्न: किती हॉर्सपॉवरची मोटर घेऊ? तूर्त कुठलीच घेऊ नका. मोटर विहिरीतलं पाणी टाकीत चढवते, तिथे तिचं काम संपलं. नळाला जोर येतो तो टाकीच्या उंचीमुळे. दुप्पट मोठी मोटर आणलीत तर टाकी लवकर भरेल, शॉवर तसाच राहील.

म्हणून आधी बघा, टाकी नेहमीच्या वेळेत भरते का? भरत असेल तर दोष टाकीच्या खाली आहे.

शहरातल्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहणाऱ्याच्या डोक्यावर टाकी कितीतरी मजले वर असते. इथल्या जुन्या कौलारू घरात ती बहुधा मागच्या न्हाणीघराच्या स्लॅबवर बसवलेली, कारण सपाट जागा तेवढीच. दहा मीटर उंचीला साधारण एक किलो दाब (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर एक किलो), हा हिशेब धरा. शॉवरच्या वर टाकी जेमतेम दीड मीटर असेल तर हाती येतो 0.15 किलो. त्यात घरभर अर्ध्या इंचाचा पाइप फिरवलेला असला तर तोही वाटेत खर्ची पडतो. टाकीतून निघणारी लाइन सव्वा इंचाची करा आणि अर्धा इंच फक्त शेवटी नळापाशी ठेवा. टाकी स्टँडवर चढवायची असेल तर खालचा स्लॅब जाणकाराला दाखवल्याशिवाय हात लावू नका. 1000 लिटरची भरलेली टाकी म्हणजे एक टन वजन. ते जमत नसेल तर न्हाणीघराच्या लाइनवर छोटा प्रेशर पंप बसवा.

एकाच नळाची धार बारीक असेल तर एवढंही करायला नको. शॉवरची जाळी फिरवून काढा. जांभ्या दगडातल्या पाण्यात लोह असतं, त्याचा तांबूस गाळ भोकाभोकांत बसलेला दिसेल. दाढीच्या जुन्या पात्याने खरवडू नका, मऊ ब्रश आणि व्हिनेगर पुरे. टाकी एकदा कोरडी पडून पुन्हा भरल्यावर धार गेली असेल, तर पाइपात हवा अडकली आहे. सगळ्यात खालचा नळ पूर्ण उघडून ती जाऊ द्या.

आता टाकीच भरायला वेळ लागतो, असं असेल तर विहिरीकडे चला. संध्याकाळीच धार मंदावत असेल तर व्होल्टेज बघा. टाकीत पाणी फसफसत, थांबून थांबून पडत असेल तर सक्शन पाइप, म्हणजे विहिरीतून मोटरपर्यंत पाणी ओढणारा पाइप, कुठेतरी हवा ओढतो आहे. चालू मोटरच्या वेळी एकेका सांध्यावर पाणी ओता. जिथे ओतल्यावर धार सुधारते तो सांधा दोषी. मोटर दर वेळी पाणी भरूनच सुरू करावी लागत असेल तर पाइपाच्या टोकाचा फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाणी परत विहिरीत उतरू न देणारी झडप, गळतो आहे. आंब्याचं एक पान त्यात अडकलं तरी एवढं होतं, म्हणून विहिरीवर जाळी हवीच.

हे सगळं ठीक असूनही एप्रिल-मेमध्ये धार जाते, त्याचं कारण वेगळं. काठावरची मोटर खालून साधारण सात मीटरपर्यंतच पाणी ओढू शकते. पातळी त्याखाली गेली की कितीही हॉर्सपॉवर लावा, उपयोग नाही. उपाय म्हणजे मोटर विहिरीच्या आतल्या टप्प्यावर उतरवणं किंवा सबमर्सिबल, म्हणजे पाण्यात बुडूनच चालणारा पंप. मात्र किनाऱ्याजवळ राहत असाल तर उन्हाळ्यात उपसा हात राखून करा. गोडं पाणी जास्त ओढलं की खारं आत सरकतं, आणि त्याचा त्रास शेजाऱ्यांच्या विहिरीलाही होतो. नवी विहीर किंवा बोअर काढायचा विचार असेल तर 2002 च्या गोवा भूजल नियमन कायद्याखाली आधी परवानगी लागते.

मेमध्ये खाली उतरवलेली मोटर पावसाआधी वर काढून ठेवा. जूनमध्ये इथलं पाणी भराभर चढतं, आणि एकदा बुडालेल्या मोटरची वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, नव्याने करून घ्यावी लागते.