स्मार्टवॉचच्या स्क्रीनवर संरक्षक काच लावली आणि घड्याळाचा टच रुसला?

आधी घड्याळ रिस्टार्ट करा. टच अजिबात चालत नसेल तर बाजूचं बटण दाबून धरा. वॉटर लॉक (पाण्यात टच बंद ठेवणारी सोय) चुकून चालू राहिलेला नाही ना, तेही बघा. तो असला की स्क्रीन मुद्दामच दाद देत नाही.

तरी अडतंय? मग उजेडात घड्याळ तिरकं धरून काचेखाली हवा राहिलीय का बघा. माझा पहिला संशय नेहमी काचेच्या कडेच्या गोंदावर असतो. टेम्पर्ड काचेला बऱ्याचदा फक्त कडेनेच गोंद असतो, मधे हवेचा पातळ थर राहतो. घड्याळाचा टच बोटामुळे बदलणारा विद्युतभार ओळखतो. मधे हवा आली की तो बदल क्षीण होतो. म्हणून मधल्या भागावर टॅप लागत नाही, स्वाइप अर्ध्यात तुटतो. अशी काच सरळ काढा, पुसत बसू नका. काढल्यावर टच नीट चालला तर घड्याळ निर्दोष.

पुन्हा लावायचंच असेल तर पूर्ण पृष्ठभागावर चिकटणारी पातळ टीपीयू (लवचिक प्लास्टिकची) फिल्म घ्या. ओली लावायची फिल्म सुकेपर्यंत थोडी अडखळते, तेवढं चालायचंच. काही घड्याळांत टच सेन्सिटिव्हिटी वाढवायची सेटिंग असते. ती चालू करा, पण पावसाच्या थेंबांनीही मग स्क्रीन नाचू शकते.