भाड्याने देण्यासाठी पुण्यात पहिला फ्लॅट घेताना

खराडी किंवा बाणेरला भाड्याने देण्यासाठी फ्लॅट घ्यायचा असेल, तर एजंटने सांगितलेल्या भाड्यावर विसंबू नये. त्याच सोसायटीतील भाडेकरूंकडून प्रत्यक्ष भाडे विचारून घ्यावे आणि त्यातून मेंटेनन्स, सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंत आकारले जाणारे बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्यास सोसायटी घेते ते) व वर्षातील एखादा रिकामा महिना वजा करूनच कर्जाच्या हप्त्याशी तुलना करावी. स्वतः राहणाऱ्या मालकाला महापालिकेच्या मिळकतकरात मिळणारी 40 टक्के सवलत भाड्याच्या घराला मिळत नाही, ही बाब हिशेबातून हमखास सुटते. रिसेलचा फ्लॅट असल्यास इंडेक्स टू (नोंदणीकृत खरेदीखताचा नोंदणी कार्यालयातील गोषवारा) आणि सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला पाहावा. लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे भाडेकरूशी होणारा ठरावीक मुदतीचा करार, 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार नोंदवावाच लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची असते.