घरी हेअरबँड शिवताय? या चुका टाळा

बँड शिवून झाला की छान दिसतो, आणि डोक्याला लावला की दहा मिनिटांत मागे सरकत जाऊन अंबाड्यावर बसतो. असं झालं की शिलाईला दोष देऊ नका. चूक बहुतेक वेळा मापात असते.

टेप केसांवरून सैल धरून माप घेणं ही पहिली चूक. जिथे बँड बसणार तिथूनच टेप फिरवा: कपाळाच्या वरून, कानांमागून, मानेवर केसांच्या आतून. मोठ्या बाईचं माप साधारण २१ ते २३ इंच भरतं. समजा २२ आलं, तर तयार बँड न ताणता साडेवीस इंचांचा हवा. सुती कापड ताणत नाही, सगळा ताण इलॅस्टिकनेच घ्यायचा असतो. म्हणून पुढची पट्टी तयार १६ इंच आणि मागे दिसणारं इलॅस्टिक साडेचार. दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा इंच माया, म्हणजे शिलाईत जाणारा जादा भाग, धरून कापड १७ आणि इलॅस्टिक साडेपाच इंच कापा. इलॅस्टिकवरचं कापड मात्र त्याच्या जवळपास दुप्पट, १० इंच तरी ठेवा. इथे कापड वाचवलं की इलॅस्टिकला ताणायला जागाच उरत नाही आणि बँड घालताना टाके उसवतात.

पाऊण इंची इलॅस्टिकसाठी हे वरचं कापड अडीच इंच रुंद पुरतं. सेफ्टी पिनने नाडीसारखं इलॅस्टिक ओवताना मागचं टोक आधी टाचणीने कापडाला अडकवा, नाहीतर ते आत ओढलं जातं आणि सगळं पुन्हा करावं लागतं. ओवून झालं की पीळ पडलाय का, हे बोटांनी चाचपून पाहा.

खणाचा बँड फार देखणा होतो, पण खणाचे धागे पटकन सुटतात. पाव इंच माया ठेवून शिवलेला माझा एक बँड दुसऱ्या धुण्यातच कडेने उसवला. तेव्हापासून खणाला अर्धा इंच माया आणि मागून फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर), हे मी चुकवत नाही. आतल्या बाजूला खणच लावू नका. हल्लीचे बरेच खण पॉलिएस्टरचे असतात, ते केसांवरून निसटतात. आत सुती अस्तर किंवा मांजरपाट लावा, बँड जागेवर राहतो. कानाजवळ पट्टी दीड इंचापर्यंत निमुळती केली तर कानही दुखत नाहीत.

कापड न धुता कापू नका. सुती कापड आटतं, गडद रंग जातो. घामाने कपाळावर लाल ओघळ आला की तो बँड पुन्हा कुणी घालत नाही. रंग जायचा थांबेपर्यंत साध्या गार पाण्यातून काढा, वाळवून इस्त्री करा, मगच खडू लावा.

सर्वात अवघड जागा म्हणजे टोकं. तिथे पट्टीच्या चुण्या, अस्तर आणि इलॅस्टिक असे बरेच थर येतात. पायडल जोरात दाबलं की सुई मोडते. १६ नंबरची सुई लावा, तेवढी जागा चाक हाताने फिरवत शिवा आणि पुढे-मागे अशी टीप दोनदा मारा. सगळा ओढा याच जोडावर येतो.

तान्ह्या बाळासाठी मात्र इलॅस्टिकचा बँड शिवूच नका. थोड्या मोठ्या मुलीला घातला तर आत बोट सहज जातंय ना ते पाहा, आणि झोपवताना न विसरता काढून ठेवा.