जुन्या स्पोर्ट्स कारचा कन्सोल खोलताय? आधी या चुका टाळा

आमच्या दाजींकडं १९७८ ची एमजीबी आहे, म्हणजे ब्रिटिश स्पोर्ट्स कार, रबर बंपरवाली, आणि तिच्या कन्सोलच्या (दोन सीटच्या मधे गिअर-रेडिओभोवती जे पॅनल असतं त्याच्या) डाव्या कोपऱ्यात जो चार बोटं लांब तडा आहे तो माझ्यामुळं गेलाय, हे आधीच सांगून टाकतो. काम काय होतं तर लायटर बंद पडलेला आणि रेडिओच्या मागं काहीतरी सुटलेलं, म्हणजे अर्ध्या तासाचं काम. मी वाळूजला टूल रूममधे आहे, रोज हातात पाना-पकड, मला वाटलं ह्याच्यात काय एवढं. दिसले तेवढे स्क्रू काढले, दोन्ही हातांनी धरून ओढलं, येईना, मग जरा जोर लावला आणि टच्. वाकून बघितलं तर खिशाच्या तळाला जो मॅटचा तुकडा असतो त्याच्याखाली एक स्क्रू निवांत बसलेला.

तर पहिली आणि सगळ्यात महागाची चूक हीच, निघत नाही म्हणून हिसका देणं. ट्रिम, म्हणजे गाडीच्या आतलं आवरण, निघत नसंल तर ती हट्टी नसते, कुठंतरी एखादा स्क्रू नसता क्लिप धरून बसलेली असते. स्क्रू लपायच्या जागा ठरलेल्या आहेत: अ‍ॅशट्रे काढल्यावर मागं, खिशातल्या मॅटखाली, गिअरच्या दांड्याभोवती जी चामड्याची पिशवी (गेटर) असते तिच्याखाली, सीट पूर्ण मागं सारल्यावर बाजूला, आणि रेडिओचे नॉब ओढून काढले की त्याच्यामागं जे नट असतात तिथं. रेडिओला मागून एक पट्टीचा आधार असतो हे तर हमखास विसरायला होतं, समोरचे नट काढून रेडिओ ओढत बसायचं आणि तो मागून धरलेला. प्रत्येक जागी बोट फिरवून बघा, टॉर्च मारा, मगच हात लावा.

क्लिपवाला भाग उचलायला स्क्रू ड्रायव्हर घालू नका, कडेला जो दाबल्याचा वण पडतो तो आयुष्यभर दिसतो. प्लास्टिकचे ट्रिम टूल ऑनलाइन स्वस्तात मिळतात. नसतील तर घरातला लाकडी सराटा चालतो, नॉनस्टिक तव्यावर वापरतो तो, फक्त ताईला विचारून घ्या. क्लिपच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जवळून उचलायचं, मधूनच ओढलं की पॅनल वाकतं.

आणि वेळ बघा राव. आपल्याकडं मे महिन्यात बाहेर ४२-४३ आणि काच बंद गाडीत त्याच्यावर आणखी वीस अंश सहज, चाळीस-पन्नास वर्षांचं प्लास्टिक असल्या उन्हात भाजून बिस्किटासारखं झालेलं असतं, रेक्झिनमधला मऊपणा उडून गेलेला. भर दुपारी ते हातात मऊ लागतं पण त्या वेळी क्लिप काढताना आकारच बिघडतो, आणि डिसेंबरात परभणीसारख्या थंडीत सकाळी सकाळी हात घातला तर सरळ तडकतं. सकाळी नऊ-दहाचं कोवळं ऊन तासभर खाऊ द्यायचं, नसता हेअर ड्रायर लांबून फिरवायचा, एवढंच.

कामाला हात घालायच्या आधी बॅटरी सोडायची, ह्यात लई जण आळस करतात. एमजीबीची बॅटरी बोनेटखाली नसते, सीटच्या मागं कार्पेटखाली असते, पाव फेरा फिरवून निघणाऱ्या फास्टनरचं झाकण काढावं लागतं, आणि १९७४ पर्यंतच्या गाड्यांत तर सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असायच्या. एवढं उघडायचा कंटाळा म्हणून "फक्त दोन स्क्रू तर काढायचेत" असं म्हणत लोक काम सुरू करतात. आणखी एक भानगड अशी की १९६७ पर्यंतच्या एमजीबी पॉझिटिव्ह अर्थच्या आहेत, म्हणजे बॉडीला प्लस जोडलेला. म्हणून "निगेटिव्ह काढा" असं डोळे झाकून करू नका, जी केबल बॉडीला गेलीय ती आधी काढायची आणि शेवटी लावायची. उलटं केलं आणि पाना बॉडीला टेकला तर ठिणगी कशी असते ते बघायला मिळंल. हातातली अंगठी, कडं काढून ठेवा. गाडी सपाटीवर लावा आणि चाकाला वीट लावा, कारण गिअर आणि हँडब्रेक दोन्ही मागंपुढं करावं लागतं.

आता गिअर नॉब. जुन्या मॉडेलमधे खालचा लॉक नट सैल केला की नॉब फिरवून निघतो. १९७७ च्या मॉडेलपासून मात्र ओव्हरड्राइव्हचा (वरच्या गिअरलाही इंजिन कमी फिरवणाऱ्या जोडणीचा) स्विच नॉबमधेच आहे आणि त्याच्या वायरी गिअरच्या दांड्यातून खाली जातात. तो नॉब तसाच गरागरा फिरवला तर वायरी पिळून तुटतात, आणि तुटतात त्या दांड्याच्या आत, जिथं बोट जात नाही. वरची टोपी हळूच उचलायची, स्विच बाहेर घ्यायचा, वायरी सोडायच्या, मग नॉब. आमच्या गाडीत हे मला आधी कळलं होतं म्हणून वाचलो, नसता तड्यासोबत तेपण माझ्या नावावर गेलं असतं.

वायरींचा फोटो काढा, एक नाही दहा काढा, पण नुसत्या फोटोवर विसंबू नका, कारण पन्नास वर्षांनी लाल आणि तपकिरी फोटोत एकसारखेच दिसतात. प्रत्येक वायरीला कागदी टेप लावून नंबर टाका, आणि कनेक्टर धरून ओढा, वायर धरून नाही. ब्रिटिश गाड्यांत रंगांची एक भाषा आहे, ती कळली की निम्मं काम सोपं: काळी म्हणजे अर्थ, तपकिरी म्हणजे बॅटरीवरून थेट कायम चालू, पांढरी चावी फिरवल्यावर, हिरवी चावीनंतर फ्यूजमधून, जांभळी कायम चालू पण फ्यूजमधून, लाल पार्किंग लाइटची. ह्यातली तपकिरी लक्षात ठेवा, हिच्या मधे फ्यूजच नाही. ही जर पॅनलखाली चेपली तर काही उडत बिडत नाही, हार्नेसच, म्हणजे वायरींचा सगळा जुडगाच, जळतं.

स्क्रूचं म्हणाल तर मी ताईचं आप्पेपात्र उचललं होतं. हसू नका, बारा खळगे, प्रत्येकात एका जागेचे स्क्रू आणि चिठ्ठी, ह्याच्यापेक्षा भारी ट्रे मला तरी माहीत नाही. सगळे एका डब्यात टाकणं ही चूक एवढ्यासाठी की लांबी वेगवेगळी असते. आखूड स्क्रूच्या भोकात लांब गेला की तो मागं सरळ हार्नेसमधे घुसतो, आणि हे लगेच कळतही नाही, चार महिन्यांनी वायरीचं कव्हर घासून गेल्यावर कळतं.

स्क्रूचं डोकं नीट बघा. सत्तरच्या दशकातल्या ब्रिटिश गाड्यांत पोझिड्राइव्ह स्क्रू भरपूर, मधल्या फुलीच्या आड आणखी चार बारीक रेघा असतात. साधा फिलिप्स लावला की घसरतो आणि डोकं खराब. आणि एखादा हरवला म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून "साधारण हाच" आणू नका. ह्या गाडीत यूएनएफ, म्हणजे इंची मापाचे बारीक आटे आहेत, मिलिमीटरचे नाहीत. पाव इंचीच्या जागी एम६ (सहा मिलिमीटरचा) घातला तर तो ढिला पडतो, १०-३२ ह्या इंची मापाच्या जागी एम५ घातला तर सुरुवातीला जातोय असं वाटतं, मग अडकतो आणि आटे खातो. पत्र्यात जाणारा सेल्फ टॅपिंग परत लावताना आधी उलटा फिरवायचा, जुन्या आट्यात "टक" करून बसला की मग सुलटा. प्रत्येक वेळी नवा आटा पाडत गेलात तर भोक मोठं होतं आणि मग लोक जाडा स्क्रू ठोकतात. त्यापेक्षा मागं यू-क्लिप, म्हणजे स्क्रू धरणारी यू आकाराची पत्र्याची क्लिप, बसवा. हार्डबोर्ड असंल तर भोकात लाकडाचा गोंद लावून दोन काड्यापेटीच्या काड्या, वाळू द्या, विषय संपला.

तडा गेलाच तर झटपट चिकटणारा गम लावू नका, आजूबाजूला पांढरी झाक येते आणि जोड काचेसारखा कडक होतो, पुढच्या खड्ड्यात परत जातो. तड्याच्या टोकाला दोन मिलिमीटरचं भोक पाडा म्हणजे तो पुढं सरकत नाही, मग मागच्या बाजूनं फायबरची जाळी आणि दोन भागांचं इपॉक्सी. मी हेच केलंय, समोरून तडा दिसतो पण हलत नाही. सुटलेलं रेक्झिन चिकटवायचं तर रबरबेस चिकटद्रव्य दोन्ही बाजूंना लावून दहा-पंधरा मिनिटं थांबा, बोटाला चिकटेनासं झालं की दाबा. ओलं असतानाच दाबलं की उन्हाळ्यात फुगे येतात. त्याआधी डॅशबोर्ड पॉलिशचा तेलकटपणा पुसून काढा, पण थिनर-अ‍ॅसिटोननं नाही, ते प्लास्टिकलाच विरघळवतं.

नवीन स्टिरिओसाठी कन्सोल कापायचा विचार असंल तर, माझं ऐका, नका कापू. एमजीबी बनवणारा इंग्लंडमधला अ‍ॅबिंग्डनचा कारखाना १९८० लाच बंद झाला, पॅनल परत मिळवणं म्हणजे बाहेरून मागवणं. ब्लूटूथचा डबा सीटखाली लपवा.

परत बसवताना घाई होते कारण तोवर संध्याकाळ झालेली असते. कन्सोल जागेवर टेकवून बॅटरी जोडा, लायटर, रेडिओ, ओव्हरड्राइव्ह, पॅनलचे दिवे सगळं तपासा, बॅटरी परत काढा आणि मगच स्क्रू. सगळे स्क्रू आधी अर्धे लावायचे, पॅनल हलवून मधोमध आणायचं, मग हळूहळू आवळायचे, तेही बोटानं. साठ सेंटिमीटरचं एबीएस प्लास्टिक हिवाळ्यातल्या सकाळपासून उन्हात तापलेल्या गाडीपर्यंत साधारण दोन मिलिमीटर वाढतं, त्याला वाढायला जागाच ठेवली नाही तर ते स्क्रूच्या भोकापाशी फाटतं.

बसवल्यावर फ्यूज उडायला लागला तर मोठा फ्यूज टाकू नका. ह्यात एक घोळ आहे: ल्युकास ह्या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या काचेच्या फ्यूजवर जे ३५ असतं ते उडायचं अँपिअर आहे, कायम चालायची क्षमता १७ च. आजच्या फ्यूजवर मात्र कायम चालायचा आकडा असतो. म्हणजे ३५ च्या जागी आजचा ३५ टाकला तर संरक्षण निम्म्यावर आलं. कन्सोल परत उचला आणि चेपलेली वायर शोधा, बहुतेक वेळा शेवटी लावलेल्या स्क्रूच्या आसपासच सापडते. काहीच चालंना तर फ्यूजच्या आधी काळी वायर बघा, अर्थचं टोक लावायचं राहिलेलं असतं.

टरटर वाजायलं तर पॅनल आवळत सुटू नका, जिथं प्लास्टिक पत्र्याला घासतं तिथं फेल्टची पट्टी लावा. आमचं सगळं बसवून झालं तेव्हा आप्पेपात्रात एक स्क्रू उरलेला. दाजी म्हणाले, "अरे राहू दे, गाडी चालायली ना." दुसऱ्या दिवशी पैठण रोडला साठच्या वर गेलो की कन्सोलच्या आतून असा खडखडाट, फेल्ट लावून झालं, काही फरक नाही. उरलेला स्क्रू रेडिओच्या मागच्या पट्टीचा होता. परत सगळं खोललं, ह्या वेळी वीस मिनिटांत. आप्पेपात्र ताईनं परत घेतलंच नाही, ते आता डिकीत असतं.